वाचकांचे प्रश्न : दोन दीर्घिका एकत्र येतात तेव्हा

गेल्या अंकातील देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेवरच्या, म्हणजे गॅलेक्सीवरच्या, लेखात ‘सर्पिल दीर्घिकांच्या विलीनीकरणातून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होतात’ असे एक वाक्य येऊन गेले होते. त्या वाक्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून एवढी पत्रे आली की या महिन्याचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. ते वाक्य फारच त्रोटक होते, ही वाचकांची तक्रार रास्त आहे. त्यात कोणती दुरुस्ती हवी, तेही खालच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि तिथून काटकोनात वळून एकच प्रवाह पुढे जातो. दीर्घिकाही अशाच भेटतात का? आणि भेटताना तारे एकमेकांवर आदळत नसतील, तर मग मूळचा चकतीसारखा आकार मोडतो कशाने? (पदवीच्या वर्गातील विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : आपण दिलेला दाखला दीर्घिकेतील निम्म्या गोष्टीला तंतोतंत लागू पडतो आणि उरलेल्या निम्म्या गोष्टीला अजिबात लागू पडत नाही, म्हणून तो मला फार उपयोगी वाटला. दीर्घिकेत तारे असतात, वायू असतो, आणि या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक वस्तुमानाचे, डोळ्यांना न दिसणारे कृष्णद्रव्य असते. यांपैकी वायू नदीच्या पाण्यासारखा वागतो. समोरासमोर आलेले दोन वायुप्रवाह एकमेकांतून आरपार जाऊ शकत नाहीत. ते आदळतात, तापतात, त्यांचे परस्परविरुद्ध वेग एकमेकांना खाऊन टाकतात. फिरण्याचा वेग असा गमावलेला वायू कक्षेत टिकू शकत नाही आणि केंद्राकडे कोसळतो. तिथे तो दाटतो आणि त्यातून नव्या ताऱ्यांचा अक्षरशः लोंढा जन्माला येतो.

ताऱ्यांची गोष्ट निराळी आहे. सूर्य म्हणजे ज्वारीचा चार मिलिमीटरचा एक दाणा मानला आणि तो साताऱ्यात ठेवला, तर सर्वांत जवळचा तारा म्हणजे दुसरा दाणा साधारण ११५ किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ सांगलीत, ठेवावा लागेल. मधल्या साऱ्या मुलखात एकही दाणा नाही. अशा दोन विरळ पेरण्या एकमेकींतून गेल्या, तर दाण्याला दाणा लागण्याची शक्यता नसल्यासारखीच असते. त्यामुळे अब्जावधी तारे असलेल्या दोन दीर्घिका एकमेकींतून जातात, तरी तारे सुखरूप राहतात. बदलतात त्या त्यांच्या कक्षा.

त्या कशा बदलतात, हे समजण्यासाठी विहिरीची कल्पना करावी. दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण ही एक विहीर आहे आणि प्रत्येक तारा तिच्यात खाली-वर ये-जा करतो आहे. विहीर स्थिर असेल, तर जेवढ्या उंचीवरून तारा खाली आला तेवढ्याच उंचीपर्यंत तो परत जाईल. त्याची ऊर्जा आहे तशी राहील. परंतु दोन दीर्घिका भेटत असताना सारे वस्तुमानच हलत असते आणि विहिरीची खोली क्षणोक्षणी बदलत असते. एखादा तारा खोल विहिरीत कोसळला आणि वर येईपर्यंत ती उथळ झाली, तर त्याच्याकडे ऊर्जा शिल्लक राहते आणि तो दूरवर फेकला जातो. ज्याच्या बाबतीत उलट घडते, तो केंद्राजवळ अडकून पडतो. इंग्लंडच्या डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६७ मध्ये ही प्रक्रिया गणिताने मांडली आणि तिला ‘उग्र शिथिलीकरण’ अशा अर्थाचे नाव दिले. एका पातळीत, एका दिशेने शिस्तीत फिरणारे तारे या उलथापालथीत वेगवेगळ्या प्रतलांत आणि वेगवेगळ्या दिशांना लागतात. चकती फुगते, सर्पिल भुजा पुसल्या जातात आणि ताऱ्यांचा एक फुगीर, धूसर पुंजका उरतो.

मुळात दोन दीर्घिका एकमेकींना ओलांडून निघून का जात नाहीत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण त्याचे उत्तर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९४३ च्या संशोधनात आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एखादे जड वस्तुमान हलक्या कणांच्या गर्दीतून जाते, तेव्हा त्याच्या ओढीने कण त्याच्या मागे गोळा होतात, आणि हा मागचा दाट पट्टा त्या वस्तुमानाला मागे खेचतो. कुठेही घासाघीस नसताना घर्षणासारखा परिणाम होतो. दीर्घिका एकमेकींच्या कृष्णद्रव्यातून जाताना अशाच मंदावतात, दूर जाऊन पुन्हा परत येतात आणि साधारणतः शंभर-दोनशे कोटी वर्षांत एकजीव होतात.

हे सारे हिशेब आज संगणकावर होतात. संगणक नसताना, १९४१ मध्ये, स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी मात्र ते विजेच्या दिव्यांनी केले होते. प्रत्येक दीर्घिकेसाठी त्यांनी टेबलावर ३७ दिवे मांडले. प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, त्यामुळे प्रत्येक दिव्याच्या जागी किती प्रकाश कोणत्या दिशेने येतो हे प्रकाशमापकाने मोजले, की तिथल्या ‘ताऱ्या’वरची ओढ मिळत असे. मग दिवे तेवढे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. दीर्घिकांच्या विलीनीकरणाच्या अभ्यासात याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही. पुढे १९७२ मध्ये एलार आणि युरी तूमरे या भावांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले, की हस्त नक्षत्रातील ‘अँटेना’ या जोडीच्या लांबलचक शेपट्या म्हणजे भरती-ओहोटीच्या बलाने बाहेर ओढले गेलेले तारे आणि वायू आहेत. आपल्याकडे ज्या हस्ताच्या पावसावर शेतकऱ्याचे लक्ष असते, त्याच हस्तात ही जोडी आहे. १९७७ मध्ये एलार तूमरे यांनी पुढचे पाऊल टाकले आणि अशा जोड्यांचा शेवट लंबवर्तुळाकार दीर्घिकेत होतो, असे स्पष्ट मांडले.

त्याला पुरावा मिळाला तो कुंभ राशीतील एनजीसी ७२५२ या दीर्घिकेत. तिला दोन शेपट्या आहेत, म्हणजे ती नुकत्याच झालेल्या मिलनातून आली आहे हे उघड आहे. पण फ्रान्सोआ श्वाइत्झर यांनी १९८२ मध्ये तिच्या मुख्य भागाचा प्रकाश केंद्रापासून बाहेर कसा घटतो हे मोजले, तेव्हा तो द वोकुलर यांनी १९४८ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांसाठी दिलेल्या नियमाप्रमाणेच घटताना आढळला. शेपट्या सर्पिल दीर्घिकांच्या आणि अंग लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे, अशी ती मधल्या अवस्थेत सापडली.

हा नियम काय म्हणतो, हे दुर्बिणीतून डोळ्यांनाही काहीसे दिसते. चैत्र अमावास्येच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास कन्या राशीचा उत्तर भाग आपल्या जिल्ह्यात जवळजवळ डोक्यावर असतो. यवतेश्वरच्या डोंगरावरून आठ इंची दुर्बिणीने मी एम ८७ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका अनेकदा पाहिली आहे. मध्ये एक उजळ ठिपका दिसतो, भोवती मऊ उजेड असतो, आणि तो उजेड नेमका कुठे संपतो हे कितीही वेळ पाहिले तरी ठरवता येत नाही. डोळा अंधाराला सरावत जातो तसतशी ती मोठी होत जाते. केंद्राजवळ प्रकाश झपाट्याने उतरतो आणि बाहेर मात्र अतिशय सावकाश, हेच त्या नियमाचे म्हणणे आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकेला काठ नसतो.

प्रश्न : पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ध्रुवांशी चपटी आहे, असे मी चाळीस वर्षे वर्गात शिकवले. लंबवर्तुळाकार दीर्घिका चपट्या असतात त्याही याच कारणाने का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खगोलशास्त्रज्ञांचीही समजूत हीच होती. एडविन हबल यांनी १९२६ मध्ये या दीर्घिकांना ई० पासून ई७ पर्यंत क्रमांक दिले; ई० म्हणजे दिसायला गोल आणि ई७ म्हणजे सर्वांत चपटी. हा क्रमांक केवळ आपल्याला दिसणाऱ्या आकाराचा आहे, हे ध्यानात असू द्यावे. भाकरी समोरून गोल दिसते आणि कडेने पाहिली तर रेघ दिसते, तसेच इथेही होते. परंतु १९७५ मध्ये बेर्तोला आणि कापाचोली यांनी आणि १९७७ मध्ये गार्थ इलिंगवर्थ यांनी वर्णपटावरून या दीर्घिकांचे फिरणे मोजले, तेव्हा ते चपटेपणासाठी लागणाऱ्या वेगाच्या मानाने फारच कमी भरले. मग त्या चपट्या कशाने? तारे सर्व दिशांना सारख्या वेगाने हिंडत नाहीत, एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी वेगाने ये-जा करतात, आणि जिकडे वेग जास्त तिकडे दीर्घिका लांबलेली असते. पृथ्वीच्या बाबतीत आपण जे शिकवले ते बरोबरच आहे. पृथ्वीतील द्रव्याचा कण शेजारच्या कणाला दाबतो, तारा ताऱ्याला दाबत नाही, एवढाच हा फरक आहे.

आता यातून निघालेली गोष्ट मला या विषयाचा गाभा वाटते. मोजमापे वाढत गेली तसे लक्षात आले, की एकसारख्या दिसणाऱ्या या दीर्घिकांत दोन वेगळी घराणी आहेत. ‘अ‍ॅटलस थ्री-डी’ या पाहणीत जवळपासच्या २६० दीर्घिका तपासल्या गेल्या (त्यांत मसुराकार, म्हणजे चकती असूनही सर्पिल भुजा नसलेल्या, दीर्घिकाही होत्या) आणि २०११ मध्ये असे जाहीर झाले, की त्यांतल्या फक्त ३६ खऱ्या अर्थाने मंद फिरणाऱ्या आहेत. बाकी सगळ्या बऱ्यापैकी फिरतात. ज्या फिरतात, त्या बहुधा मध्यम वजनाच्या असतात. त्यांच्या समान उजेडाच्या रेषा काढल्या तर त्या लिंबासारख्या दोन टोकांना किंचित निमुळत्या होतात, कारण आत ताऱ्यांची एक चकती दडलेली असते. मंद फिरणाऱ्या सर्वांत वजनदार असतात, आणि त्यांच्या रेषा बहुधा साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या, कोपरे गोलावलेल्या चौकोनासारख्या येतात. हा फरक शेकड्यात एखाद-दोन टक्क्यांचा असतो, नुसत्या डोळ्यांना कधीच कळत नाही.

हा फरक विलीनीकरणाच्या प्रकारातून येतो. एक दीर्घिका दुसरीच्या तिप्पट वजनाची असेल, तर मोठीच्या चकतीचे फिरणे पुरते नष्ट होत नाही. शिवाय दोघींत वायू भरपूर असेल, तर तो केंद्राशी जाऊन नवी चकती घडवतो, कारण वायू ऊर्जा प्रारणाने टाकून देऊन खाली बसू शकतो. ताऱ्यांना ती सोय नाही. एकदा विस्कटलेले तारे स्वतःहून पुन्हा चकतीत येत नाहीत. उलट, वायू संपलेल्या आणि जवळजवळ समान वजनाच्या दीर्घिका भेटल्या, किंवा एकीवर अनेक दिशांनी एकामागून एक दीर्घिका येऊन पडल्या, तर फिरणे एकमेकांत विरून जाते आणि मंद, साबणवडीसारखी दीर्घिका उरते. अभ्यासक यांना ओले आणि कोरडे विलीनीकरण म्हणतात, आणि मराठीतही हे शब्द चपखल बसतात.

प्रश्न : हे मिलन कोट्यवधी वर्षांपूर्वी झाले असेल, तर शांत दिसणाऱ्या दीर्घिकेत ते झाले होते हे आज कशावरून सांगता येते? (वाचक, तासगाव)

उत्तर : त्याच्या खुणा राहतात. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅलिन यांनी छायाचित्रणाच्या खास पद्धतीने दीर्घिकांच्या फिकट कडा उठावदार केल्या, आणि १९८३ मध्ये डेव्हिड कार्टर यांच्यासह अशा १३७ लंबवर्तुळाकार दीर्घिकांची यादी दिली, की ज्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी अर्धवट कवचे आहेत. वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३९२३ भोवती तर अशी वीसहून अधिक कवचे मोजली गेली आहेत. झोपाळा टोकाला पोहोचला की क्षणभर थबकतो, तसे गिळल्या गेलेल्या लहान दीर्घिकेचे तारे आपल्या कक्षेच्या टोकाशी रेंगाळतात, आणि तिथे त्यांची गर्दी कवचासारखी दिसते.

काही दीर्घिकांचा गाभा बाकीच्या अंगाच्या उलट दिशेने फिरताना आढळतो. तो बहुधा बाहेरून आलेल्या ताऱ्यांचा किंवा वायूचा असतो. नरतुरंगातील एनजीसी ५१२८ ही तर आपल्या भागातून दक्षिण क्षितिजावर सुमारे तीस अंश वर येते, आणि चांगल्या काळोखात आठ इंची दुर्बिणीतून तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा दिसतो. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका वायूने समृद्ध अशी एक दीर्घिका पोटात घेऊन बसली आहे, आणि तो पट्टा त्याचीच खूण आहे. उन्हाळ्यात संधी मिळाली तर आपण ती जरूर पाहावी.

प्रश्न : म्हणजे आजची प्रत्येक लंबवर्तुळाकार दीर्घिका पूर्वीच्या दोन सर्पिल दीर्घिकांपासून झालेली आहे, असे समजावे का? (अभियंता, सातारा)

उत्तर : नाही, आणि माझ्या त्या वाक्यातील दुरुस्ती ती हीच. सर्वांत वजनदार दीर्घिकांतील ताऱ्यांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असते. मॅग्नेशियम मोठ्या, अल्पायुषी ताऱ्यांच्या स्फोटांतून लगेच मिळते. लोखंडाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या, स्फोटांतून सावकाश येतो. तेव्हा हे तारे लोखंड साचण्याआधीच, घाईने, विश्वाच्या आरंभीच्या काळात जन्मले असले पाहिजेत. आजच्यासारख्या सर्पिल दीर्घिका, ज्या अब्जावधी वर्षे सावकाश तारे घडवत आल्या, त्या मिसळून असे तारे मिळणार नाहीत.

दुसरी गोष्ट आकाराची. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वीच्या वजनदार, तारे घडवणे थांबलेल्या दीर्घिका हबल दुर्बिणीने पाहिल्या, तेव्हा त्या आजच्या तेवढ्याच वजनाच्या दीर्घिकांच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढ्या लहान निघाल्या. त्या फुगल्या कशा? समान वजनाच्या दोन दीर्घिका मिळाल्या, तर वजन दुप्पट होते आणि आकारही साधारण दुप्पटच होतो. तेच दुप्पट वजन लहान-लहान दीर्घिका गिळून मिळवले, तर आकार चौपटीपर्यंत जाऊ शकतो, कारण लहान दीर्घिकांचे तारे सैल बांधलेले असतात आणि ते बाहेरच्या अंगालाच विखुरतात. त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक दोन टप्प्यांचा जन्म मानतात: आधी वायूपासून घाईने घडलेला घट्ट गाभा, आणि नंतर अब्जावधी वर्षे बाहेरून येऊन पडलेले तारे. मला हे चित्र पटते, कारण केंद्रातील आणि बाहेरील ताऱ्यांचे रंग आणि रासायनिक घडण वेगवेगळी का असते, हेही त्यातून उलगडते. तूमरे यांचे मूळ म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. मध्यम वजनाच्या अनेक दीर्घिकांना ते आजही लागू आहे, आणि एनजीसी ७२५२ तर डोळ्यांसमोर आहेच.

प्रश्न : आपली आकाशगंगा आणि देवयानी यांची टक्कर ठरलेलीच आहे ना? (वाचक, वाई)

उत्तर : तसे आता म्हणता येत नाही. देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येते आहे, हे खरे. परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबात शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही धरली, तेव्हा पुढच्या हजार कोटी वर्षांत विलीनीकरण होण्याची शक्यता जवळपास निम्मीच निघाली. लहान विलीनीकरण मात्र आपल्याकडे होऊन गेले आहे: सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी गिळलेल्या एका दीर्घिकेचे तारे गाया उपग्रहाच्या मोजणीतून २०१८ मध्ये ओळखता आले. आपली चकती त्यानंतरही शाबूत आहे.

प्रश्न : प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात कृष्णविवर असते. दोन दीर्घिका एक झाल्यावर त्या दोन कृष्णविवरांचे काय होते? (विज्ञान मंडळातील विद्यार्थी, मिरज)

उत्तर : ती दोन्ही नव्या केंद्राशी बुडत जातात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात. १९८० मध्ये बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी या प्रवासाचे टप्पे मांडले. जवळून जाणाऱ्या प्रत्येक ताऱ्याला ही जोडी गोफणीतल्या धोंड्यासारखी भिरकावून देते आणि त्या बदल्यात स्वतः थोडी जवळ सरकते. असे पुष्कळ तारे बाहेर गेले, की दीर्घिकेचा मध्यभाग रिता होतो. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात नेमके हेच पाहिले: सर्वांत वजनदार, मंद फिरणाऱ्या दीर्घिकांच्या केंद्राशी उजेड वाढायचा थांबतो आणि सपाट होतो. ओल्या विलीनीकरणात मात्र वायूपासून नवे तारे जन्मून ही पोकळी भरून निघते, म्हणून फिरणाऱ्या घराण्याचे केंद्र टोकदार राहते. ज्या एम ८७ च्या कृष्णविवराचे चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिले, ते सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वजनाचे आहे, आणि ती दीर्घिका सपाट केंद्राच्याच घराण्यातील आहे.

शेवटच्या टप्प्यात ही जोडी गुरुत्वीय लहरी सोडते. या लहरींचे एकेक आवर्तन कित्येक वर्षांचे असते, त्यामुळे पृथ्वीवर बांधलेल्या यंत्रांना त्या सापडत नाहीत. त्यासाठी आकाशातील स्पंदकांच्या, म्हणजे नियमित लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांत होणारे सूक्ष्म फेरफार वर्षानुवर्षे टिपावे लागतात. जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी अशा लहरींच्या एकत्रित पार्श्वभूमीची चिन्हे जाहीर केली. त्यांत भारतीय गटही होता, आणि त्याची निरीक्षणे नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० बशीसारख्या अँटेनांनी केलेली आहेत. आपल्या मंडळाची सहल पुण्याकडे निघाली, तर परवानगी काढून खोडदला अवश्य जाऊन यावे. ज्या बश्यांनी ते ठोके मोजले, त्या प्रत्यक्ष पाहता येतील.